चेहरा नसलेल्या रोबोचं किट: भावना सगळी मानेत

दीड महिना वापरून झालाय म्हणून आता लिहितेय. टेबलावर बसणारा वीतभर उंचीचा रोबो, आपणच जोडायचा. याला चेहरा नाहीये, ना स्क्रीन, ना एलईडीचे डोळे. बॉक्समधे एसजी९० जातीचे तीन छोटे सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या मोटर (एक अंग डावी-उजवीकडे फिरवायला, एक मान वरखाली करायला, एक डोकं कलतं करायला), ईएसपी३२ बोर्ड (रोबोचा मेंदू, कोड यातच भरायचा), डोक्यावर लावायचा टच सेन्सर, समोर कोणी आलं तर कळायला अल्ट्रासोनिक सेन्सर आणि एमडीएफचे (दाबून केलेल्या लाकडी फळीचे) कापलेले भाग. जे सांगायचं ते हालचालीतूनच, आणि मला हेच हवं होतं. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली होती, तिच्यात दोन त्रिकोण आणि एक गोल नुसते हलत होते, तरी बघणारे सांगायला लागले की मोठा त्रिकोण दांडगाई करतोय आणि गोल बिचारा घाबरलाय. माणूस हालचालीत मन बघतोच, त्याला नाक-डोळे लागत नाहीत.

जोडणीला एक अख्खी दुपार जाते. भाग छान बसतात, पण माहितीपुस्तिकेत एक मोठा घोळ आहे. सर्व्होला आधी ९० अंशांवर, म्हणजे मधोमध, आणायचं आणि मगच त्याचा पांढरा दांडा स्क्रूने बसवायचा, हे सगळी जोडणी झाल्यानंतरच्या पानावर लिहिलंय! मी क्रमाने वाचत जोडत गेले, मान वाकडी बसली म्हणून हाताने वळवायला गेले आणि आत कट्कन आवाज झाला. प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले. तेव्हा बाकी काही नका ऐकू, एवढं ऐका: आधी ९०, मग दांडा, आणि हाताने जोर कधीच लावायचा नाही.

दुसरी तक्रार पॉवरची. तिन्ही सर्व्हो बोर्डच्याच ५ व्होल्टवर, यूएसबीतून चालवायला सांगितलेत. एकेक हलतो तोवर ठीक, तिन्ही एकदम हलले की व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो आणि रोबो आनंदाने नाचता नाचता मधेच मान टाकतो. मी सर्व्होंना ५ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर दिला, दोन्हीकडची ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) एकत्र जोडली आणि सर्व्होंच्या लाइनवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर लागणारी वीज साठवून ठेवणारा भाग) टाकला, त्यानंतर एकदाही रीसेट नाही. हे किटमधेच द्यायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट, कोड. तयार कोडमधे चार भावना दिल्यात, आनंद, दुःख, राग, आश्चर्य, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी चारही सारख्याच वाटल्या. सर्व्होला नुसता कोन सांगितला की तो पूर्ण वेगाने तिथे जातो, ६० अंश जायला सेकंदाचा दहावा भाग, मग दुःखाने मान खाली गेली काय आणि कोणी टपली मारली काय, दिसायला एकच. म्हणून मी तेच ४० अंश दोन सेकंदांत विभागले, सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी सिग्नल जातो म्हणजे शंभर पायऱ्या, सुरुवातीला हळू, मधे जरा वेग आणि शेवटी अगदी हळू. कोन पूर्ण अंशांत लिहिला तर धक्के जाणवतात, त्याऐवजी सिग्नलची लांबी मायक्रोसेकंदांत लिहा. खाली पोचल्यावर थोडं थांबून अजून ३ अंश खाली, जसा आपण शेवटचा सुस्कारा टाकतो तसं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर करून विचारलं, "काय झालं गं, असा का बसलाय तो?" तो! दुपारपर्यंत ती "ते" म्हणत होती.

मग मला नादच लागला. आपल्या भाषेत मानेवर किती आहे बघा, मान खाली घालणं, मान ताठ ठेवणं, मान डोलावणं, मान वेळावणं. मी यांचीच यादी करून एकेक कोडमधे उतरवत गेले. आणि किटमधे नसलेली एक भावना घातली, रुसवा. राग आणि रुसवा एक नाही, रागावलेला तोंड फिरवतो आणि संपलं, रुसलेला तोंड फिरवतो पण कोणी समजूत काढायला येतंय का याकडे त्याचं लक्ष असतं. म्हणून अंग ७० अंश फिरतं, डोकं जरा वर, आणि दर सहा-सात सेकंदांनी अंग हळूच १० अंश आपल्याकडे वळतं आणि चटकन परत जातं. डोक्यावर तीनदा हात फिरवला की हळूहळू वळतो, पण पूर्ण नाही, शेवटचे १५ अंश चौथ्या वेळेला. भाची आता मुद्दाम त्याला रुसवते आणि तासभर समजूत काढत बसते.

यासाठी कोडमधलं एक बदलावंच लागतं. मूळ कोड डिले वापरतो, ही आज्ञा प्रोग्रॅमला तेवढा वेळ नुसतं थांबवून ठेवते, म्हणजे हालचाल चालू असताना हात लावलात तर त्याला कळतच नाही, आणि हात लावूनही कोणी ढिम्म बसलं तर सगळी माया तिथेच आटते. मिलिस (न थांबता किती वेळ झाला ते सांगणारी आज्ञा) वापरून लिहिलं की अर्ध्या हालचालीतही तो दाद देतो.

सर्व्होंची घरघर शांत खोलीत ऐकू येते, ती काही गेली नाही. कोडला हात लावायचा नसेल तर हे किट घेऊ नका, आहे तसं ते पाच मिनिटांचं खेळणं आहे. थोडंफार प्रोग्रामिंग येत असेल आणि चार रात्री जागायची तयारी असेल तर डोळे झाकून घ्या. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो पुस्तिकेतल्या त्या पानासाठी. कंपनीला ईमेल केलाय, त्यांनी ते पान पुढे आणलं तर पाचवाही देईन.