पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना: बारा लाख का ठेवले आणि काय खटकलं

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा फंडाचे जे पैसे हातात आले, त्यातले बारा लाख मी बडोद्याला रावपुऱ्याच्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. दर ८.२ टक्के. खातं उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं तसाच राहतो, मधे सरकारने खाली आणला तरी आपल्याला झळ नाही. बँकेचा एफडीचा दर बघून बघून डोकं शिणलेल्या माणसाला एवढंसुद्धा पुष्कळ.

मर्यादा माणशी ३० लाखांची, मग बाराच का? कारण बारा लाखांवर वर्षाचं व्याज होतं ९८,४०० रुपये, आणि १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस (व्याज हातात यायच्या आधीच कापतात तो कर) कापत नाहीत. पोस्टात माझी दुसरी ठेव नाही, त्यामुळे टीडीएस कापू नका म्हणून फॉर्म भरायची भानगड नाही. टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असं मात्र आमच्या भिशीतल्या अर्ध्या बायका समजून बसल्या आहेत. व्याज करपात्रच आहे, रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

ह्यांचं म्हणणं होतं, जॉइंट काढू, पहिलं नाव माझं. जॉइंट फक्त नवरा-बायकोचं निघतं, पण रक्कम सगळी पहिल्या नावाची धरतात आणि व्याजही त्याच्याच उत्पन्नात जातं. मी म्हटलं, फंड माझा, खातं माझं, तुम्ही नॉमिनी. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "बेन, अहीं सही करो." आणि नवऱ्याने स्वतःचे पैसे बायकोच्या नावावर टाकून कर वाचवायचा म्हटलं, तर तेही जमत नाही, व्याज फिरून त्याच्याच उत्पन्नात मिळवतात.

खटकलं ते हे, की व्याजावर व्याज नाही. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या एक तारखेला २४,६०० बचत खात्यात येतात आणि तिथे चार टक्क्यांवर पडून राहतात. पैसे वाढवायचे असतील त्याने इकडे फिरकू नये. मला खर्चायलाच हवे होते. जुलैच्या व्याजातून आमच्या मेडिक्लेमचा हप्ता जातो (२२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तो आनंद वेगळाच). दर महिन्याला पैसे लागणाऱ्यांसाठी पोस्टाचीच मासिक उत्पन्न योजना आहे, पण तिचा दर कमी.

एजंट गुंतवलेल्या रकमेवरची ८०सीची करसूट मोठ्या तोंडाने सांगतात. ती फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत असाल तर ते बोलणं कानाआड करा.

मधेच पैसे काढायचे झाले तर वर्षाच्या आत दिलेलं व्याजही परत कापून घेतात. दोन वर्षांच्या आत मुद्दलातून दीड टक्का जातो, नंतर एक टक्का. घरात लग्न, बांधकाम काही ठरत असेल तर तेवढे पैसे बाहेरच ठेवा.

पाच वर्षं भरली की खातं आपोआप पुढे चालत नाही. तीन वर्षांसाठी वाढवायचं तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो, नाहीतर पुढे फक्त बचत खात्याचा दर. पोस्टातून फोन येईल म्हणून वाट बघू नका. मी मुदतीची तारीख मुलीच्या फोनमध्ये टाकून घेतली आहे.