हेलबेंडर: पिल्लं सोडायची की नदी सुधारायची?

अमेरिकेतला हेलबेंडर हा दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या गोतातला उभयचर. मिसुरी-आर्कान्सा राज्यांतल्या ओझार्क या डोंगराळ भागातली त्याची उपजात 2011 साली तिथल्या कायद्याने संकटग्रस्त ठरली. त्याच वर्षी सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तिची पैदास पहिल्यांदा साधली. आता तिथे पिल्लं काही वर्षं टाकीत वाढवून नदीत सोडतात. कोवळ्या वयात माशांच्या तोंडी जाणारे जीव त्यामुळे वाचतात, हा फायदा मोठाच.

दुसरा मार्ग संथ आहे. काठावर झाडं लावायची, गुरं पाण्यापासून लांब ठेवायची, गाळ अडवायचा. हा प्राणी मुख्यतः कातडीच्या चुण्यांतून श्वास घेतो, म्हणून त्याला गार, खळाळतं पाणीच लागतं. घर म्हणजे मोठ्या चपट्या दगडाखालची पोकळी. नर तिथेच अंड्यांची राखण करतो. वरून माती वाहून आली की ती पोकळी बुजते. मग टाकीतली पिल्लं सोडायची तरी कुठे?

म्हणून माझा कल नदीकडे. फक्त ओझार्कमध्ये मी आधी पिल्लं सोडेन: वयात यायलाच 5 ते 8 वर्षं घेणाऱ्या या जिवाला काठावरची झाडं मोठी होईपर्यंत थांब म्हणवत नाही.