शाळेला पत्र लिहायचं की कंपनीला? अमेरिकेतल्या पालकांसाठी फर्पा आणि कोपा समोरासमोर

अमेरिकेत मुलं शाळेत असली की नवीन वर्ष सुरू होताना कागदांचा गठ्ठा घरी येतोच, सह्या करा आणि परत पाठवा. आमच्याकडे धाकटी नऊ वर्षांची आणि थोरला पंधराचा, म्हणजे गठ्ठेही दोन. मागच्या वर्षी मी रात्री अकराला बसून सगळ्यावर भराभर सह्या केल्या आणि महिन्याभराने कळलं की धाकटीच्या वाचनाच्या ॲपमध्ये ती मोठ्याने वाचते तो आवाज रेकॉर्ड होऊन कंपनीकडे जातोय. पोटात गोळाच आला. पण तक्रार कुणाकडे करायची, शाळेकडे की ॲपवाल्यांकडे, तेच कळेना. तेव्हा फर्पा (FERPA, शाळेतल्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा कायदा) आणि कोपा (COPPA, लहान मुलांच्या ऑनलाइन माहितीचा कायदा) हे दोन्ही बसून वाचले, आणि कुणी आज त्याच जागी असेल तर हे त्याच्यासाठी.

मूळ फरक एवढाच, की फर्पा शाळेला धरतो आणि कोपा कंपनीला.

फर्पा १९७४ चा. फेडरल शिक्षण खात्याचा पैसा घेणाऱ्या शाळांना लागू, म्हणजे सगळ्या पब्लिक स्कूल आल्या, पण पैसा न घेणाऱ्या बऱ्याच प्रायव्हेट शाळा बाहेर राहिल्या, त्यामुळे मूल प्रायव्हेटमध्ये असेल तर आधी हे विचारा. मुलाचं रेकॉर्ड बघायला मागितलं की शाळेने ४५ दिवसांच्या आत दाखवायचं, त्यात चुकीचं काही लिहिलं असेल तर दुरुस्ती मागायची, शाळा नाही म्हणाली तर सुनावणी मागायची. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो म्हणून सांगते, मार्क कमी दिले म्हणून या कायद्याने भांडता येत नाही, मार्क चुकीचे नोंदवले गेले असतील तरच. आणि शिक्षिकेने निव्वळ स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेल्या, दुसऱ्या कुणाला न दाखवलेल्या टिपा यात येत नाहीत.

फर्पाची खरी गळती आहे 'डिरेक्टरी इन्फर्मेशन'मध्ये. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, फोटो, कुठल्या टीममध्ये खेळतो, टीममध्ये असेल तर उंची-वजनसुद्धा, असल्या गोष्टी शाळा तुम्हाला वेगळं न विचारता बाहेर देऊ शकते, फक्त आधी यादी जाहीर करून नको म्हणायला मुदत द्यायची. आमच्या गठ्ठ्यात तो कागद लंचच्या फॉर्मच्या मागे होता, गुलाबी, अर्धं पान, खाली एकच चौकोन, आणि टिक केली नाही तर संमती धरणार. तो कागद शोधून काढाच.

माहिती बाहेर जायची दुसरी वाट म्हणजे ॲपची. शाळा कंपनीला 'स्कूल ऑफिशियल', म्हणजे शाळेचाच माणूस, धरून रेकॉर्ड देऊ शकते, पालकांची सही न घेता. अट अशी की कंपनी शाळेचंच काम करत असावी, आणि डेटा शाळेच्या ताब्यात राहिला पाहिजे.

आता कोपा. १९९८ चा कायदा, २००० पासून लागू, १३ वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि राबवतं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था. मुलांसाठीची साइट किंवा ॲप असेल, किंवा समोर लहान मूल आहे हे कंपनीला माहीत असेल, तर माहिती घ्यायच्या आधी पालकांची खात्रीलायक संमती हवी. २०१३ पासून फोटो, आवाजाची फाइल, लोकेशनही यात आलं. जमवलेलं काय आहे ते दाखवा, पुसा, यापुढे घेऊ नका, हे तुम्ही थेट कंपनीला सांगू शकता. २०२५ च्या बदलांनी अजून आवळलंय, डेटा कायमचा साठवून ठेवायचा नाही आणि सेवेसाठी गरज नसताना तिसऱ्याला द्यायचा तर वेगळी संमती. ते पाळायची मुदत मुख्यतः २२ एप्रिल २०२६ ची.

गोची अशी की शाळेतल्या ॲपसाठी शाळाच तुमच्या वतीने कोपाची संमती देऊ शकते. पण फक्त शिक्षणाच्या वापरापुरती! जाहिरातीसाठी डेटा वापरला की ती संमती कामाची नाही. २०२३ मध्ये एडमोडो या शाळांसाठीच्या ॲपच्या कंपनीवर नेमकी हीच केस झाली, मुलांचा डेटा जाहिरातींना वापरला आणि संमतीची जबाबदारी शाळांवर ढकलली, ६० लाख डॉलरचा दंड ठरला.

दम कुणात जास्त? माझ्या मते कोपात. २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीला कोपासाठी २७.५ कोटी. फर्पाची शिक्षा म्हणजे शाळेचा फेडरल निधी थांबवणं, आणि ते इतकं टोकाचं हत्यार आहे की प्रत्यक्षात शाळेला सुधारायला सांगून प्रकरण मिटवतात. पालकाला स्वतः फर्पाखाली शाळेवर खटला भरता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये गोन्झागा युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये सांगून टाकलं.

पण थोरल्यासाठी कोपाचा काही उपयोग नाही, तो १३ च्या पुढे गेला. त्याला फर्पा आणि राज्याचा कायदा, बस. कॅलिफोर्नियात असाल तर सोपिपा आहे, २०१६ पासून लागू, त्यात शाळेसाठीच्या ॲपने विद्यार्थ्याच्या माहितीवरून जाहिराती दाखवायला बंदी आहे, बारावीपर्यंत. आणि मूल १८ चं झालं किंवा कॉलेजात गेलं की फर्पाचे हक्क तुमच्याकडून त्याच्याकडे जातात, फी तुम्ही भरत असलात तरी. टॅक्समध्ये तो तुमचा डिपेंडंट असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, द्यायलाच पाहिजे असं नाही.

मग निवडायचं कसं? रेकॉर्ड बघायचंय, चूक दुरुस्त करायचीय, फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही, तर शाळेला फर्पाचं नाव घेऊन लिहा. मूल १३ च्या आत आणि ॲपने काय काय साठवलंय ते पुसायचंय, तर कोपाचं नाव घेऊन कंपनीला लिहा. शाळेने दिलेलं ॲप असेल तर दोघांनाही, एकाच दिवशी, नाहीतर शाळा कंपनीकडे बोट दाखवते आणि कंपनी शाळेकडे. मी तसंच केलं, शाळेकडून कराराची कॉपी मागितली, आणि तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंग पुसल्याचा मेल आला.

आणि एक, फर्पाची तक्रार शिक्षण खात्याच्या स्टुडंट प्रायव्हसी पॉलिसी ऑफिसकडे जाते, प्रकार कळल्यापासून १८० दिवसांत. कळलं ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.