‘आय सेवन आहे’ एवढ्या शब्दावर गेमिंग पीसी घेऊ नका

सोयाबीनचा पैसा हातात आला की आपल्याकडे घरोघरी खरेदी निघते. अलीकडे त्या यादीत पोट्ट्यांचा गेमिंग पीसीही असतो. म्हणून हे दिवाळीच्या आधीच लिहितो आहे. माझ्या पुतण्याला ४२ हजारांत जो माल दिला गेला, तसा माल आजही काचेच्या कॅबिनेटमध्ये दिवे लावून विकला जातो, आणि गिऱ्हाईक बहुतेक खेड्यातलं असतं.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. पुतण्याला गेम खेळायचे होते आणि शेतीचे व्हिडिओ एडिट करून टाकायचे होते. थोरले भाऊ त्याला घेऊन मोठ्या गावातल्या एका दुकानात गेले. दुकानदार बोलायला गोड. “काकाजी, आय सेवन देतो, सोळा जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. पाच वर्षं पाहाचं काम नाही.” आय सेवन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचं, नाव. बिलावरही तेवढंच लिहिलं: आय सेवन गेमिंग पीसी, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट, १ नग. कंपनी नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही.

घरी आल्यावर व्हॅलोरंट चालेना. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकाच्या सुरक्षेच्या सोयी मागतो, आणि त्या या मशीनमध्ये नव्हत्या. दुकानदार फोनवर म्हणाला, “गेममध्येच प्रॉब्लेम आहे.” मी तालुक्याला सेवा केंद्र चालवतो, संगणक उघडणं-जोडणं माझं रोजचं काम. भाऊ मशीन माझ्याकडे घेऊन आले.

सीपीयू-झेड हे प्रोसेसर ओळखणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि प्रोसेसर दिसला: कोअर आय ७-३७७०. म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला. मदरबोर्ड एच ६१ चा, बिननावाचा, रॅम डीडीआर ३, दोन्ही तशीच जुनी. असे प्रोसेसर जुन्या ऑफिसांतले संगणक भंगारात निघतात तिथून येतात. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागते. इथे ती तपासणी चुकवून विंडोज ११ चढवलेली होती.

आय सेवन म्हणजे भारी आणि आय थ्री म्हणजे हलका, हा समज गावोगावी पक्का बसलेला आहे आणि सगळा धंदा त्याच्यावरच चालतो. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. २०२२ चा आय ३-१२१०० सुद्धा जुन्यासारखाच चार कोअर (काम करणारे गाभे), आठ थ्रेडचा (एकावेळी चालणारी कामं) आहे आणि या जुन्या आय सेवनला सहज मागे टाकतो. आकड्यापुढे ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लागतंच. हे कोणीही दोन मिनिटांत समजून घेऊ शकतं, पण गल्ल्यावर बसलेला माणूस ते सांगत नाही.

प्रोसेसर निदान जुना तरी खरा होता. कार्ड मात्र सरळ बनावट निघालं. विंडोजमध्ये नाव दिसत होतं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. हे कार्ड २०१६ चं, ७६८ कूडा कोअरचं, म्हणजे चित्र काढणाऱ्या तेवढ्या गाभ्यांचं. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी व्हायची. शंका आली म्हणून जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर नावाच्या आधीच ‘फेक’ असा शिक्का आला. आत होती २०१० च्या जीटीएस ४५० ची चिप, १९२ कोअरची. तिच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डातच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, दुसऱ्या कार्डाचं नाव आणि मेमरीचा खोटा आकडा भरलेला होता. मेमरी खरी १ जीबी, त्यामुळे थोडा जड गेम लावला की मशीन बंद पडायचं.

हे सॉफ्टवेअर न टाकताही ओळखता आलं असतं, अशी एक खूण त्या कार्डावर होती: मागे निळं व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरची केबल लावायची जागा. १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे त्या पिढीपासून एनव्हिडियाने चिपमधलं, व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच काढून टाकलं. म्हणून १०५० टीआय म्हणून विकलेल्या कार्डाला व्हीजीए दिसलं, तर तिथेच जीपीयू-झेड लावायला सांगा.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्याचीही गत तीच. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनवर फक्त १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॅट होतात. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच लाइनवर चालतात. आपल्याकडे रात्री शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली-वर होतं, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, कित्येक घरांत अर्थिंगही धड नाही. अशा ठिकाणी हलका एसएमपीएस देणं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तो जळताना बोर्डही सोबत घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवण्याचं) चिन्ह असलेला एसएमपीएस मागा, आणि पैसे कमी पडत असतील तर कॅबिनेटचे दिवे-पंखे कमी करा.

आम्ही मशीन घेऊन दुकानात गेलो. “बिलात आय सेवन लिहिलं, आय सेवन देलं. आता काय पाह्यजे तुमाले?” असं तो थोरल्या भावाला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. वर्षभर राबून आणलेल्या पैशाची ही किंमत. मला त्याचा राग अजून आहे.

मॉडेल न लिहिलेलं बिल हीच त्याची ढाल होती. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल, सिरियल नंबर आणि वॉरंटी जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घ्या, मशीन दुकानातच चालू करून सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड पाहा, त्या स्क्रीनचे आणि डब्यांचे फोटो काढा. जो हे करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली. ‘फेक’ लिहिलेल्या स्क्रीनचा फोटो जोडला होता. त्यानंतर दुकानदाराने कार्डाचे पैसे परत दिले. प्रोसेसर आणि एसएमपीएसचे द्यायला तो तयार नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वस्तू कितीही लांबून घेतली असली तरी, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत २ वर्षांची आहे. कोणाकडे असंच ‘१ नग’ लिहिलेलं बिल पडून असेल, तर त्यावरची तारीख आजच पाहून घ्या.