गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे : चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैत आमच्या दोन एकर गवताच्या रानात गाजर गवत खाणारे हे भुंगे सोडले. दोन पावसाळे बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच वर्षी लिहिलं असतं तर "नादाला लागू नका" असंच लिहिलं असतं.

रान तासगावकडचं, मुरमाड. मारवेल गवत, मध्ये स्टायलो हा द्विदल चारा. दसऱ्यानंतर कापून वाळवतो, त्यावर चार म्हशींचा उन्हाळा निघतो. गाजर गवत पेंढीत गेलं की म्हशी वैरण उसकटून टाकतात, आणि पोटात गेलंच तर दूध कडवट लागतं. उपटायला गेलेल्या आईच्या हातांवर एवढं पुरळ उठलं की तिचं रानात जाणंच बंद झालं. टू-फोर-डी हे तणनाशक मारा, असं सगळे सांगत होते. त्यानं गवत राहतं आणि रुंद पानाचं तण जळतं, हे खरं. पण स्टायलोही रुंद पानाचाच, तोही जातो. शिवाय बांधाला लागून द्राक्षबाग. त्या औषधाचा नुसता वारा लागला तरी वेल आकसतो. शेजाऱ्याचं वर्ष वाया घालवायचं माझ्या मनाला पटेना.

हे तण पुण्यात १९५५ साली दिसलं आणि त्याला खाणारा भुंगा मेक्सिकोतून आणला १९८३-८४ च्या सुमारास. मधल्या काळात ते कुठल्या कुठे पसरलं! भुंगा तुरीच्या दाण्याएवढा, पाठ मळकट पांढरी, तिच्यावर तपकिरी उभे पट्टे. आम्ही विकत घेतले नाहीत. ओढ्याकाठच्या गाजर गवतावर ते आधीपासून होतेच. सकाळी झाड हलवून बरणीत पाडले, आत कोवळा पाला टाकला, झाकणाला भोकं पाडली. साधारण सहाशे भुंगे एकाच दाट कोपऱ्यात सोडले. रानभर विखरू नका, जम बसत नाही.

ऑगस्टमध्ये पानांची चाळणी झाली. भुंग्यापेक्षा त्याची अळी जास्त खाते, शेंड्यातच बसते. मग तीन आठवडे पाऊस दडला आणि भुंगे एकदम कमी झाले. तेवढ्यात बाकीच्या रानात फुलं आलीच. नोव्हेंबरात एकही दिसेना. मला वाटलं, मेले. पण ते जमिनीत झोपायला गेले होते. यंदा मृगाचा पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांत तोच कोपरा भुंग्यांनी भरून गेला आणि जुलैअखेर ते पलीकडच्या बांधापर्यंत पोचले. म्हणून सांगतो, तो कोपरा उन्हाळ्यात नांगरू नका, वर औषध मारू नका. जवळ सूर्यफूल असेल तर भुंगे त्यावर जात नाहीत ना, यावरही नजर ठेवा.

नुसत्या भुंग्यांवर मात्र भागत नाही. जूनअखेरीस जमीन ओली असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून आम्ही अर्धं रान उपटलं. गाजर गवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. आमच्याकडे तोवर पहिलं बी गळायला लागतं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं, तेव्हा तेवढं थांबून चालत नाही. दुसरं म्हणजे पावसाळ्यात जनावरं आत सोडणं बंद केलं. मारवेल दाटला की खाली ऊन पोचत नाही, मग तणाचं रोप वर येत नाही. भुंग्यांइतकंच श्रेय मी याला देईन.

परवा त्या कोपऱ्यात दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद जागेत झाडं मोजली. गेल्या वर्षी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. यंदा नऊ निघाली, सगळी शेंडा खाल्लेली. फूल दोघांनाच होतं, ती उपटून आणली.