मराठी पवित्र शास्त्र, आर. व्ही. भाषांतर: रोजच्या वाचनासाठी प्रत घेताना

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन, म्हणजे सुधारित) भाषांतराचं ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे मराठी बायबल, नाशिकच्या शरणपूरपासून नाशिकरोडपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती घरांना चांगलं ओळखीचं आहे. लग्नात, दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) किंवा नव्या घरात राहायला जाताना तेच भेट मिळतं, आणि पुष्कळदा शोकेसमध्ये झिपबंद राहतं. रविवारच्या उपासनेपुरतं उघडायचं असेल तर कोणतीही प्रत चालेल. स्वतःचा विश्वास रोज त्याच्या आधाराने चालवायचा असेल, तर मात्र भाषांतर कोणतं, प्रत केवढी आणि वाचायचं कोणत्या क्रमाने, याने फार फरक पडतो.

आधी निर्णय सांगून टाकू. मुख्य प्रत आर. व्ही.चीच ठेवावी, आणि शेजारी आजच्या मराठीतलं दुसरं एक भाषांतर असावं. उपदेशात, प्रार्थनासभेत, घरातल्या थोरल्यांच्या तोंडी जी वचनं असतात ती बहुतेक याच मजकुरातली. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ यातला ‘उणे’ आता बोलण्यात फारसा येत नाही, पण वाक्य दोनदा मोठ्याने म्हटलं की जिभेवर बसतं. हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढायची वेळ येते तेव्हा पुस्तक घरी राहिलेलं असतं. हाताशी असतं ते पाठ केलेलं. म्हणून लयीला इतकं महत्त्व.

अडचण आहे ती शब्दांची, आणि ती अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांमुळे जास्त होते. सुरुवात पुस्तकांच्या नावांपासूनच होते. जुन्या करारातलं पाचवं पुस्तक ‘अनुवाद’. नवीन वाचकाला वाटतं, हे भाषांतर असावं. इथे अनुवाद म्हणजे पुन्हा सांगणं: वचन दिलेल्या देशात शिरण्यापूर्वी मोशे (मोझेस) इस्राएलच्या नव्या पिढीला नियमशास्त्र पुन्हा सांगतो.

पुढचे शब्द अधिक नाजूक. ‘प्रायश्चित्त’ आपल्या बोलण्यात चूक करणाऱ्याने घ्यायचं असतं. १ योहान २:२ मध्ये (योहानाचं पहिलं पत्र, दुसऱ्या अध्यायाचं दुसरं वचन) ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. बोलीतला अर्थ मनात धरून हे पत्र वाचलं, तर माणूस स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवत बसतो, उपास वाढवत जातो, आणि क्षमा झाल्याची खात्री काही होत नाही. रोमकरांस पत्रातल्या ‘नीतिमान ठरवणे’चंही तसंच. नीतिमान म्हटलं की सचोटीचा, सरळमार्गी माणूस डोळ्यांपुढे येतो. ते पत्र लिहिणारा पौल मात्र न्यायालयातला शब्द वापरतो: न्यायाधीश निकाल देतो आणि आरोपी सुटतो. चौथ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात तर अधार्मिकालाच नीतिमान ठरवलं जातं, आणि त्या पत्राचा सगळा दिलासा तिथेच आहे. ‘पश्चात्ताप’ या शब्दातला ‘ताप’ वाचकाला हळहळीकडे नेतो. मूळ ग्रीक शब्द मन पालटण्याबद्दल, दिशा बदलण्याबद्दल बोलतो. वहीच्या शेवटच्या पानावर अशा दहाबारा शब्दांची यादी करावी, समोर एका ओळीत अर्थ लिहावा. महिनाभरात वाचन बदललेलं जाणवतं.

काही ठिकाणी मात्र नाशिकचा वाचक पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा पुढे असतो. योहान १५ घ्या. ‘मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात.’ द्राक्षबागेत फाटा कोणी म्हणत नाही, ओलांडा (वेलीची आडवी फांदी) आणि काडी (तिच्यावरचा फुटवा) म्हणतात. ‘फाटा’च्या जागी ‘काडी’ ठेवून वाचलं की निफाड-दिंडोरीच्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या वचनात फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून ‘साफसूफ’ करण्याची गोष्ट आहे, तीच छाटणी. लगेच तिसऱ्या वचनात येशू म्हणतो की त्याच्या वचनामुळे शिष्य शुद्ध झालेच आहेत. ग्रीकमध्ये ‘साफसूफ’ आणि ‘शुद्ध’ हे एकाच धातूचे शब्द आहेत. मराठीत दोन वेगळे शब्द आल्यामुळे धागा तुटतो, पण मुद्दा स्पष्ट आहे: छाटणीची कात्री म्हणजे वचन. बागायतदाराला आणखी एक ठाऊक असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, आणि तो दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. मधल्या महिन्यांत बाहेरून काही कळत नाही. रोज वाचूनही काही होत नाही असं वाटणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं.

दुसऱ्या प्रतीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्यावं. आजचा वाचक न अडखळता वाचेल अशी त्याची मराठी आहे. कॅथलिक कुटुंबांनी प्रत घेताना अनुक्रमणिका पाहून घ्यावी. आर. व्ही.च्या नेहमीच्या प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबीत, मक्काबी ही त्यातली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून पूर्ण छापून निघालं. रोजच्यासाठी ते नाही, पण एखादं वचन अडलं की ताडून पाहायला फार मोलाचं आहे.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय: वचनपेटीतून चिठ्ठी काढायची किंवा डोळे मिटून बोट ठेवायचं, आणि जे येईल ते आजचं वचन. यिर्मया २९:११, हिताचे संकल्प आणि भावी आशा, हे कॅलेंडरांवरचं लाडकं वचन. त्याच्या आधीचं दहावं वचन सांगतं की बाबेलातल्या बंदिवासात ७० वर्षं जायची आहेत. त्याही आधी, २८व्या अध्यायात, हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचं आश्वासन देतो आणि खोटा ठरतो. नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी ११वं वचन एकटं वाचलं आणि नोकरी मिळाली नाही, तर माणसाला वाटतं की देवाने शब्द पाळला नाही. तिन्ही जागा वाचलेल्याला कळतं की हे वचन लांबचा पल्ला काढणाऱ्यांसाठी लिहिलेलं पत्र आहे. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही असंच. ‘सर्वकाही करण्यास शक्तिमान’ म्हणणारा पौल बंदिवासात आहे, आणि आधीच्या दोन वचनांत तो पोटभर असताना आणि भुकेला असतानाही समाधानी राहायला शिकलो असं सांगतो.

तोडलेलं वचन किती धोक्याचं असतं, ते मत्तय ४ मध्येच दिसतं. तिथे येशूची परीक्षा पाहताना सैतानही शास्त्र सांगतो, स्तोत्र ९१ मधलं. येशूची तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’मधली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. म्हणून प्रत घेताना संदर्भ आणि तळटिपा आहेत का, ते दुकानातच उघडून पाहावं. मत्तय ४ काढायचं. ‘अनुवाद’कडे बोट दाखवणारी नोंद दिसली तर ती प्रत घ्यावी.

क्रमाबद्दल. एकूण ११८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले तर वर्षात होतात. पण १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला वाचक महिनाअखेरीस लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी पोहोचतो, आणि यज्ञांच्या नियमांत बहुतेकांचं वाचन थांबतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी, १६ अध्याय, १६ दिवस. मग फिलिप्पैकरांस पत्र, चार दिवस. मग मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, आणि इथे मुद्दाम रेंगाळावं. नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई, कवी ना. वा. टिळक यांना १८९३ मध्ये रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा त्यांना धरून ठेवलं ते याच अध्यायांनी. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधला काळ वाचनाचा आणि झगड्याचा होता. आपणही स्वतःला तेवढा वेळ द्यावा.

रोजची पद्धत साधी ठेवावी. वीस मिनिटं. उतारा दोनदा वाचायचा, त्यातलं एक वाचन मोठ्याने. वहीत तारीख टाकून तीन ओळी: कोण कोणाला बोलतंय, देवाबद्दल काय कळलं, आज मी काय करायचं. तिसरी ओळ ‘जास्त प्रेम करीन’ अशी मोघम असली की दुपारपर्यंत विसरते. ‘सासूबाईंना फोन करीन’ अशी असली की टिकते. शेवटी त्याच उताऱ्यातले शब्द घेऊन प्रार्थना. पाठांतरासाठी स्तोत्र ११९ उत्तम: २२ भाग, प्रत्येकात आठ वचनं. आठवड्याला एक वचन पुरे.

छपाईबद्दल थोडंसं. खिशात मावणारी छोटी प्रत प्रवासाला ठीक, पण चाळिशीनंतर तिच्यावर रोज वाचायचं म्हटलं की डोळे दुखतात आणि वाचन सुटतं. मोठ्या टाइपाची घ्यावी. कागद पातळ असतो. जेल पेन आणि ओला हायलायटर मागच्या पानावर उमटतात, म्हणून पेन्सिल किंवा खडूसारखा कोरडा हायलायटर. पावसाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये, पानं फुगतात आणि शिवण सुटते. मोबाईलवरचं बायबल शोधायला आणि ऐकायला चांगलं; शोधताना त्या भाषांतरातलाच शब्द टाकावा लागतो, नाहीतर वचन असूनही सापडत नाही. सकाळच्या वाचनाला मात्र छापील प्रतच बरी, कारण मोबाईलवर पहिल्याच वचनाला मेसेज येतो.

आणि एक पान आधीच खूण करून ठेवावं. प्रार्थना करवत नाही असे दिवस येतात. तेव्हा विजयाची वचनं शोधत बसू नये. स्तोत्र १३ काढावं. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांत किती काळ, अशा अर्थाचा प्रश्न चारदा विचारलाय. तेही जड वाटलं तर स्तोत्र ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय, प्रार्थना म्हणून. ते तसंच मोठ्याने वाचावं, आणि त्या दिवशी पान उलटू नये.