असोसिएट डिग्रीच्या नावाखाली ३,५२५ डॉलर गेले! अमेरिकेत आलेल्या डी.एड.वाल्यांनो, वाचा

आधीच सांगते, "एवढी शिकलेली असून कशी फसलीस" हे ऐकून कान किटलेत. ही माणसं अडाण्यांना शोधत नाहीत, गरजवंताला शोधतात. आणि मी गरजवंत होते.

बारावीनंतर माझं डी.एड. झालं. सातारा जिल्ह्यात विनाअनुदानित शाळेत पहिली ते चौथीला शिकवलं. लग्न होऊन न्यू जर्सीत आले. इथे सरकारी शाळेत वर्गशिक्षिका व्हायचं तर बॅचलर्स, म्हणजे चार वर्षांची पदवी लागते. ती साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक). आपलं डी.एड. त्यात बसत नाही. मग सरळ रस्ता असा की एलिमेंटरी एज्युकेशनची दोन वर्षांची, ६० क्रेडिटची असोसिएट डिग्री करायची आणि तिथून चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जायचं. हा रस्ता खरा आहे. मला भेटलेला माणूस खोटा होता.

एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज आला. "डी.एड., बी.ए. झालेल्या महिलांसाठी घरबसल्या अमेरिकन असोसिएट डिग्री." फोन केला तर पहिल्याच वाक्यात ताई. मूळचा मराठवाड्याचा म्हणाला. माझ्या डी.एड.चे ३० क्रेडिट "कन्व्हर्ट" करून देतो, म्हणजे अर्धी डिग्री आजच झाली समजा. कोणाला मोह होणार नाही? दोन वर्षं घाम गाळून, गावोगाव फिरून पाठ घेतलेत मी, त्याची कुठेतरी किंमत होतेय असं वाटलं.

तर हिशेब असा: नोंदणी १५० डॉलर. क्रेडिट कन्व्हर्जन, ३० गुणिले ४५, म्हणजे १,३५०. पहिल्या टर्मची फी १,८००. "सीलबंद ट्रान्सक्रिप्ट", म्हणजे गुणपत्रिका, २२५. एकूण ३,५२५, आपल्याकडचे तीन लाखांच्या आसपास. सगळे फोनच्या ॲपमधून थेट एका माणसाच्या खात्यात. कॉलेजची फी माणसाच्या खात्यात का, असं आमच्या ह्यांनी विचारलं होतं. त्यावर उत्तर तयार होतं: "कार्डने भरलं तर तीन टक्के जास्त पडतात, ताई."

शिक्षणासाठी केंद्र सरकारची, म्हणजे फेडरल मदत मागायचा अर्ज असतो, फाफ्सा. तो भरायचा म्हणून कॉलेजचा कोड मागितला. ग्रीन कार्ड आहे, मदत मिळू शकते हे मला माहीत होतं. म्हणाला, "आम्ही सरकारी पैसा घेतच नाही, म्हणून तर फी कमी." ऐकायला कसं स्वाभिमानी वाटतं! फाफ्सात ज्याचा कोड नाही, त्या कॉलेजाला फेडरल मदत मिळत नाही. कोड नाही म्हणाला की फोन ठेवा.

पण खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मी विचारलं, शाळेत जाऊन निरीक्षणाचे तास कधी सुरू होणार? इथेही शिक्षणशास्त्राच्या मुलांना वर्गात मागे बसून नोंदी कराव्या लागतात. तो हसला. "तुम्हाला कशाला ताई, तुम्ही तर शिकवलेलं आहे. ते सगळं वेव्ह."

आता बघा. डी.एड.ला आमच्याकडून टाचण लिहून घ्यायचे, सराव पाठ घ्यायचे, पाठ फसला तर पुन्हा उभं करायचे. एका पाठाला फळ्यावर तारीख लिहायची राहिली म्हणून आमच्या बाईंनी वर्गासमोर झापलं होतं. वर्गात पाऊल न टाकता शिक्षक बनवणारं कॉलेज जगात असतं का? मला, मलाच हे कळायला हवं होतं ना! आणि मी काय केलं, तर "थँक यू" म्हटलं. पण तेव्हा मुलगी अडीच वर्षांची, गाडी एकच, तास माफ झाले म्हणून हायसं वाटलं. ज्यांच्या घरी लेकरू सांभाळायला सासू आहे, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

ट्रान्सक्रिप्ट आलं तेही बघण्यासारखं. जाड कागद, सोनेरी ठसा, आणि "बालसाहित्य" विषयात ए. तो विषय मी उघडलासुद्धा नव्हता.

तो कागद घेऊन काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात गेले. ट्रान्सफर ऑफिसमधल्या बाईने त्या कॉलेजचं नाव टाइप केलं, पुन्हा केलं आणि शांतपणे म्हणाली, शून्य. ॲक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजला मान्यता देणारी जी "संस्था" वेबसाइटवर होती, ती कुठल्याच मान्य यादीत नाही. तिनेच सांगितलं की हा कागद नोकरीच्या अर्जाला जोडू नका, खोटी पदवी वापरायला न्यू जर्सीत कायद्याने मनाई आहे. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर गुन्हेगार मीच व्हायचे! हेही तिथेच कळलं की डी.एड.चे किती क्रेडिट धरायचे हे ज्या कॉलेजात शिकायचं ते ठरवतं, तेही परदेशी शिक्षण तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल बघून. दलाल ठरवत नाही.

मग सुरू झाली वरात. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कोणी चोरले नाहीत. पोलिस म्हणतात हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटं कॉलेज काढणं हा दिवाणी मामला कसा? तर त्याने फॉर्म पुढे सरकवला. राज्याचं उच्चशिक्षण खातं म्हणतं कॉलेज आमच्या राज्यात नोंदलेलं नाही, पत्ता ज्या राज्याचा आहे तिथे विचारा. नोंदलेलं नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आले ना बाबा! त्या राज्यात फोन केला तर तो पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी. केंद्राच्या साइटवर तक्रार भरली, नंबर मिळाला, खाली ओळ: वैयक्तिक तक्रारी आम्ही सोडवत नाही. मग भरून कशाला घेता? प्रत्येक जण सौजन्याने बोलतो, "आय ॲम सो सॉरी टु हिअर दॅट", आणि कोणी बोटसुद्धा उचलत नाही.

वेबसाइटचा शेवट .edu आहे का ते बघा. २००१ पासून ते नव्याने फक्त मान्यताप्राप्त कॉलेजांना मिळतं. माझ्यावाल्याचं .com होतं. ॲक्रेडिटेशन कॉलेजच्या वेबसाइटवर तपासू नका, अमेरिकी शिक्षण खात्याच्या किंवा चियाच्या (CHEA, मान्यता देणाऱ्या संस्थांवर नजर ठेवणारी संघटना) यादीत स्वतः नाव टाका, फुकट आहे. न्यू जर्सीत असाल तर काउंटी कॉलेजच सोडू नका. ए.ए. किंवा ए.एस., म्हणजे कला किंवा विज्ञानातली असोसिएट डिग्री, पूर्ण केली तर राज्याच्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांनी ती धरावी असा २००७ चा कायदा आहे. मात्र ए.ए.एस., म्हणजे थेट नोकरीसाठीची असोसिएट डिग्री, घेऊ नका, तिला हे संरक्षण नाही. आणि फी कार्डनेच भरा, तीन टक्के गेले तर जाऊ देत.

या सगळ्यानंतर त्याच ग्रुपवर मी नावानिशी लिहिलं. ॲडमिननी मेसेज डिलीट केला: "ग्रुपवर वैयक्तिक वाद नकोत, ताई." त्याची जाहिरात मात्र अजून तिथेच आहे, आता बालवाडी शिक्षणाच्या डिग्रीची. "फक्त १० जागा."